अडीच मणांचा दत्तक

चांगो पैलवानाचं दत्तकपत्र माझ्याच हातचं. बदलापुरात शाळामास्तराचं अक्षर जरा वळणदार असलं की लग्नपत्रिकेपासून भाऊबंदकीच्या अर्जापर्यंत सगळं त्याच्याकडूनच लिहून घेत. बावन्न सालच्या दिवाळीनंतर मी टाक शाईत बुडवला आणि ‘चांगो देऊ गायकर’ याचा ‘चांगो हरिचंद्र शेलार’ करून टाकला. पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांचा राग मला अजून आहे, आणि तो बराचसा माझ्यावरच आहे.

चांगो बदलापूरशेजारच्या कात्रपचा. वय पंचवीस, पोट कुस्तीवर. कल्याणपासून कर्जतपर्यंत जिथे जत्रा तिथे हा, आणि जिथे हा तिथलं इनाम याचंच. खुराकाचं उल्हासनगर कॅम्पातले लीलाराम शेठ मिठाईवाले बघायचे. बदल्यात चांगोनं रविवारी दुकानाबाहेर उघड्या अंगानं नुसतं उभं राहायचं. याच दुकानचं दूध पिऊन हा असा झाला, असा गिऱ्हाइकांचा समज व्हायचा. शेठ तो मोडत नसत. खरं तर त्याला घडवला त्याच्या बापानं, देऊ गायकरानं, घरामागच्या हातभर खोल मातीत.

आता मामा. हरिचंद्र शेलार म्हणजे चांगोच्या आईचा, पुतळीबाईचा, सख्खा भाऊ. अंबरनाथच्या बाजूला भातशेती, कौलारू घर, पोटात वायू आणि मूलबाळ नाही. “शेलारांचं नाव बुडालं गं, पुतळे,” म्हणून तो बहिणीच्या ओटीवर येऊन रडायचा. बहिणीनं धाकटा मुलगा, जयदेव, पुढे केला. मामा डोळे पुसत म्हणाला, “नको, त्याची शाळा बुडंल.” जयदेव चौथीत तीनदा बसून घरी बसला होता. त्याला नापास मीच केला होता, तेव्हा मला तरी संशय यायला हवा होता.

कारण होतं भैरोबाची जत्रा. ती गायकरांची आणि शेलारांची मिळून एकच. शेवटची कुस्ती एका गायकराची आणि एका शेलाराची. जिंकेल त्या आडनावाकडे पालखीचा पहिला खांदा, वर्षभर गावकीत मिशा वर. चांगो उभा राहायला लागल्यापासून सलग सहा वर्षं पालखी गायकरांच्या खांद्यावर होती आणि शेलार मागून गुलाल खात चालले होते. मामाला वंश नको होता, पैलवान हवा होता. पण पैलवान मागायला आला तर लोक हाकलून देतात, वंश मागायला आला तर चहा देतात.

पुतळीबाईनं भावासाठी तीन दिवस अन्न सोडलं. चौथ्या दिवशी देऊ म्हणाला, “नेऊ दे.” चांगोला विचारलं तर तो म्हणाला, “आय म्हनंल तसं.” एवढं मोठं शरीर, पण आईपुढे त्याचं काही चालत नसे.

मांडीवर बसवल्याशिवाय दत्तक पुरा होत नाही, हा आमच्याकडचा नेम. मामा पाटावर मांडी घालून बसला, सगळा मिळून सव्वा मण. समोर चांगो, अडीच मण. मांडीकडे बघून तो कळवळून म्हणाला, “मामा, मोडंल.” चिंतामणी भटजींनी शास्त्र सोडायला साफ नकार दिला. मग चांगोनं मामाच्या मांडीवर अंग न टेकवता, हवेतच अर्धी बैठक धरली. दक्षिणा घसघशीत ठरलेली, त्यामुळे भटजींनी एकही अक्षर गाळलं नाही. चांगोच्या मांड्या थरथरायला लागल्या, घाम मामाच्या नव्या धोतरावर टपटपायला लागला. शेवटच्या मंत्राला त्याचा गुडघा सुटला. “मेलो गं आये!” हे नव्या बापाचे लेकाला उद्देशून पहिले शब्द.

सगळे हसले, मीही हसलो. देऊ हसला नाही. त्यानं हातावर पाणी सोडलं, “दिला” म्हणाला आणि उठून गोठ्यात गेला.

कॅम्पात बातमी गेली तेव्हा शेठनी कपाळाला हात लावला. “साईं, हमारा घर गया, दुकान गया, सारा सिंध गया. खाली नाम बचाके लाए. और तू घर बैठे नाम दे आया?” दूध त्यांनी चालू ठेवलं, हे मात्र सांगायला हवं.

नाव दिल्याची खरी किंमत चांगोला कात्रपला कळली. आईला भेटायला गेला की देऊ उठून पाट मांडायचा. “या पैलवान. पानी घ्या. शेलारांकडं समदं बरं हाय ना?” बस्स, एवढंच. पोटच्या पोराला पाहुणा केला. चांगो घरामागच्या मातीत जाऊन उभा राहायचा, बाप मागून येईल म्हणून. बाप आला नाही. चार महिन्यांत पोरगा पाच शेरानं उतरला. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाला, “मास्तर, तो कागद फाडता येतो का हो?” मी म्हटलं, नाही येत. त्यानं मान डोलावली आणि गेला.

चैत्रात जत्रा आली. शेवटच्या कुस्तीला शेलारांकडून चांगो उतरला. मामा नव्या टोपीत, गालात हसत. गायकरांकडून जयदेव उतरणार होता. त्याला सकाळपासून ओकाऱ्या सुरू झाल्या. मैदान रिकामं राहिलं तर मान आपोआप जाणार. हलगी वाजत राहिली. आणि चौपन्न वर्षांच्या देऊनं बंडी काढली.

पंचांची पळापळ झाली. बाप-लेकांची कुस्ती लावायची कशी? मामानं खिशातून दत्तकपत्र काढून माझ्या हातात कोंबलं, “कोन बाप? मास्तर, वाचा कागद!” मी पंचांतच होतो. मी वाचला. ‘सदरहू चांगो याचा गायकर कुळाशी यापुढे कोणताही संबंध राहिला नाही.’ ते वाक्य मला फार झोकदार वाटलं होतं लिहिताना. आता भर जत्रेत ते मी मान वर न करता वाचलं.

सलामी झाली. चांगोचं काय चाललंय ते कुणालाही दिसत होतं. तो अंग सैल सोडून पडायचं निमित्त शोधत होता. देऊनं त्याच्या मानेवर सणसणीत थाप मारली.

“देवाम्होरं माजी फजिती करतंस? भीक घालतंस मला? जोर लाव!”

चांगो रडत होता. रडतच त्यानं बापाचा हात खांद्यावर ओढला, वळला आणि ढाकेचा डाव लावला. म्हातारा उचलला गेला आणि पाठीवर आला. अगदी हलके आला, कारण पडताना चांगोनं त्याच्या डोक्याखाली हात घातला होता. निकाल झाला. शेलारांनी गुलाल उधळला. पंचांनी पुकारलं, विजेत्याच्या वडिलांनी फेटा बांधून घ्यायला यावं. मामा टोपी काढून पुढे आला.

देऊ अजून मातीतच होता. धाप लागलेली, तरी उठून कोपरावर टेकला.

“ढाक बसली. पन डावा पाय अजून उघडा टाकतंस, गाढवा. दुसरा कोन असता तर तोच पाय धरून उताना केला असता तुला. इतकं दिस काय करत होतास रं?”

मामा फेट्यासाठी डोकं वाकवून थांबला होता. पालखी पहिल्या खांद्यासाठी थांबली होती. शेलार चांगोच्या नावानं हाका मारून दमले. मी कागदाची घडी केली आणि डोळे पुसले.

चांगो मातीत उभा होता, डावा पाय पुढे.

“आसा?”

“नाय. आनखी आत घे.”