दक्षिणेच्या भिंतीवरच्या सात वेली

दिनांक ४ मार्च १७६२ रोजी टेकडीवरचा पडका मठ बांधून पूर्ण झाला. एकूण खर्च एकशे सत्त्याऐंशी पौंड, चौदा शिलिंग, सहा पेन्स. तिथे मठ कधीच नव्हता. तिथले मालक सर रॅल्फ टिंडल यांना दिवाणखान्याच्या खिडकीतून एखादा प्राचीन मठ पडलेला दिसायला हवा होता, म्हणून एनॉक पर्स्लो या गवंड्याने तो नव्या दगडांत, पडलेलाच बांधला.

एनॉकची साठी उलटली होती. पन्नास वर्षांचा चुना छातीत बसला होता. सकाळी बोटं उघडायला अर्धा तास लागे. हे त्याचं शेवटचं काम. मालकांनी शब्द दिला होता, मठ मनासारखा झाला तर फाटकाजवळची झोपडी नवरा-बायकोला मरेपर्यंत बिनभाड्याची.

ओळंबा लावून उभी केलेली कमान त्याने स्वतःच्याच हातोड्याने अर्धी पाडली, त्या दिवशी बायको डॉर्कस पाव आणि चीज घेऊन आली होती.

"अहो, पडकंच हवं होतं तर आपलं घर उचलून न्यायचं होतं. फुकटात पडतंय."

"गप गं. पडल्यासारखं दिसायला हवं, पण पडता कामा नये. त्याचेच तर पैसे."

मग मठ जुना दिसावा म्हणून माळी टोबायस ग्रिफ याने भिंतींच्या पायाशी, दगडावर चढत जाणाऱ्या आयव्हीच्या वेली लावल्या. मे महिन्यात मालक पाहुण्यांना मठ दाखवणार होते. तोवर देखरेख एनॉककडे. तो रोज सकाळी धापा टाकत टेकडी चढे, भिंतीला फेरी घाली, सांध्यांवरून अंगठा फिरवी आणि परत येई.

पाहुणे आले तेव्हा दक्षिणेची भिंत बोडकी होती. तिथल्या उन्हात सगळ्यांत आधी वर चढलेल्या सात वेली गायब.

"ससे असतील, सरकार," टोबायस घाईने म्हणाला.

एनॉकने आपल्या नखांकडे पाहिलं. ती हिरवी होती. वेलीची मुळं सांध्यातला चुना खातात, दिसली की उपटायची, हे त्याला बाराव्या वर्षी शिकवलं होतं. हात रोज तेच करत आले होते. त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"ससे नव्हेत, सरकार. मीच."

"तू?" सर रॅल्फ म्हणाले. "पडका मठ बांधायला सांगितला, तर तू त्याची निगा राखतोस?"

"हात ऐकत नाहीत, सरकार."

एक पाहुणीबाई खुदकन हसल्या. त्यामुळे असेल, मालकांचा राग ओसरला. "झोपडी घे. पण वेली पुन्हा लाव. त्या जगतील तोवर तू राहशील."

एनॉकने गुडघे टेकून सात खड्डे खणले. आता तो हात पाठीमागे बांधून फेरी घालतो. वेलीचं एक मूळ त्या भिंतीतल्या कमानीच्या सांध्यात शिरलेलं त्याने पाहिलं आहे. वीस वर्षांनी ही भिंत खरोखरच पडणार. त्याने घरी येऊन डॉर्कसला ते सांगितलं.

"तोवर आपण कुठं असणार?" ती म्हणाली, आणि त्याचे बूट काढायला वाकली.

दुसऱ्यांदा लावलेल्या वेली टोबायसने उधार दिल्या होत्या, नगास तीन पेन्स. त्याचे एक शिलिंग नऊ पेन्स एनॉककडून अजून यायचे आहेत.