लपवलेलं हेल्मेट

अमेरिकन फुटबॉल म्हणजे शिस्तीत केलेली मारामारी. मी त्या मारामारीत पट्ट्या बांधायचो, म्हणून अधिकारानं सांगतो. नागपुरात जन्मलो, ओहायोतल्या डब्लिनमध्ये वाढलो आणि डॉक्टर व्हायचं सोडून एका व्यावसायिक संघात ट्रेनर झालो. ट्रेनर म्हणजे शिकवणारा नव्हे. घोटे बांधणारा, निखळलेली बोटं जागेवर बसवणारा, रक्त पुसणारा. बाबा लोकांना सांगायचे, "मेडिकलमध्ये आहे."

आमच्याकडे एक राखीव क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा. मैदानात एकच असतो. राखीव कडेला टोपी घालून उभा राहतो. हा बिचारा कितीतरी हंगाम, वेगवेगळ्या संघांत, उभाच होता. आठवडाभर डाव पाठ करायचे आणि रविवारी न मळलेला गणवेश धुवायला टाकायचा. मुख्य खेळाडूचा पाय मोडावा म्हणून यानं देव पाण्यात घातले असतील, असं मी मनात म्हणायचो.

एका डिसेंबरात पाय खरंच मोडला. हाडाचा आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. मुख्य खेळाडूला स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा आमचा राखीव गडी हेल्मेट चढवत होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पण खेळला झकास. एक लांबलचक चेंडू असा टाकला की थेट टचडाउन, म्हणजे एका फटक्यात सहा गुण. धावत कडेला आला आणि मला औषधांच्या पिशवीसकट उचललं.

पुढच्या डावात मागून समोरच्या संघाचा एक धिप्पाड गडी येऊन त्याच्यावर आदळला. आधी डोकं गोठलेल्या जमिनीवर आपटलं, मग तो गडी अख्खा अंगावर पडला. लोक खूश होऊन ओरडले. त्या लोकांचा मला अजूनही संताप येतो. आमचा क्वार्टरबॅक उठला आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. मी दंड धरून आणला, स्कोअर विचारला, तर त्यानं कॉलेजचं नाव सांगितलं.

त्या वर्षांत डोक्याच्या माराला फारसं कुणी मार समजत नसे. पाणी पाजायचं आणि परत पाठवायचं. आमच्या हातात एकच उपाय होता, हेल्मेट लपवणं. त्याशिवाय कुणाला मैदानात पाऊल टाकता येत नाही. मी ते औषधांच्या पेटीत टाकलं आणि पेटीवर बसलो.

तो आला, हेल्मेट मागितलं. मी नाही म्हणालो. त्यानं माझी गचांडी धरली आणि तोंडावर ठोसा हाणला. पुढचा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं.

"किती वर्षं उभा आहे मी इथे, माहितीय तुला?" असं म्हणत त्यानं दुसरा हाणला. तो रडत होता. दोघा-तिघांनी त्याला ओढून नेलं. मला भयंकर राग आला होता, पण पेटीवरून हललो नाही. उरलेला सामना तिसराच कुणीतरी खेळला.

रात्री आईचा फोन. "टीव्हीवर लाइव्ह मार खाल्लास. मावशीनं रेकॉर्ड केलंय."

हंगाम संपल्यावर संघानं त्याला सोडलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं नाही. लॉकर रिकामा करायला आला तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसला. दाताचं त्याला इतरांनी सांगितलं होतं, माफी मागितली. त्याला स्वतःला तो सामना अजिबात आठवत नव्हता. सकाळचा नाश्ता आठवत होता, त्यानंतर एकदम हॉस्पिटल.

"फिल्म बघितली मी," तो म्हणाला. "पण दुसऱ्याच कुणाची वाटते. तू तिथे होतास. तो चेंडू टाकल्यावर मी खूश होतो का?"

मी राग धरून ठेवायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. सांगितलं, मला पिशवीसकट उचललं होतंस, पट्ट्यांचे रोल बर्फात घरंगळत गेले, आणि तू वेड्यासारखा हसत होतास.



"परत सांग," तो म्हणाला.

मी पहिल्यापासून परत सांगितलं.