गायीची शिदोरी

माझ्या सासऱ्यांशी मी पहिली काही वर्षं एक शब्दही बोलले नाही, आणि त्याच काळात आमची भांडणं मात्र भरपूर झाली. सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी सापगावच्या आमच्या घराची रीत. मग मला जे सांगायचं ते मी माझ्या गायीला सांगायची, आणि सासरे त्याचं उत्तर त्यांच्या बैलाला द्यायचे. गोठ्यात दोघं शेजारी बांधलेली होती, त्यामुळे सोय होती.

गाय माझी. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी दोनेक वर्षं माझं लग्न झालं, तेव्हा वडिलांनी ती आंदण दिली होती. बरोबर आलेली भांडी सासूबाईंच्या फडताळात गेली आणि लुगडी नणंदेच्या अंगावर दिसू लागली. माझं म्हणावं असं त्या घरात एवढं एकच जनावर उरलं होतं. मी तिच्या गळ्याला मिठी मारून माहेरच्या आठवणी काढायची आणि ती माझी वेणी चघळायची.

सासऱ्यांचं सगळं प्रेम त्यांच्या माळावर. घरामागच्या उतारावर त्यांनी पवन्या गवत राखलं होतं. मुंबईच्या घोड्यांसाठी आणि तबेल्यांसाठी गवत घेणारा व्यापारी यायचा, त्याला निखळ पवन्याच लागायचा. म्हणून सासरे पावसाळाभर खुरपं घेऊन माळावर फिरत आणि दुसरी काडी दिसली की उपटत. शेडा उपटला, मारवेल उपटलं, रानमुगाचे वेल तर ते मुळासकट ओढून काढत आणि वर शिव्या देत. देवपूजा चुकली तरी चालेल, पण माळ चुकायचा नाही. त्यांचा माळ खरंच देखणा होता, हे कबूल करायला मला तेव्हा मरण यायचं.

माझ्या वडिलांची तऱ्हा उलटी. मुरबाडच्या बाजूला, म्हशाच्या अलीकडे आमचा माळ होता. त्यात जे उगवेल ते उगवू द्यायचे. कापणीच्या वेळी मधला एक पट्टा ते तसाच उभा ठेवत. त्याचं बी सुकून आपोआप गळून पडलं की मगच तिथे विळा लागायचा. माझी गाय त्या माळावर वाढलेली. सासरचा पवन्या तिने पावसाळ्यात नाइलाजाने खाल्ला, पण दिवाळीनंतर तेच वाळलेलं गवत पुढ्यात आलं तेव्हा तिने हुंगलं, फुस्स केलं आणि मान फिरवली. दूध आटलं. बरगड्या दिसू लागल्या.

सासरे बैलाला म्हणाले, "खात नाय तर पौषात म्हशाच्या जत्रेला नेऊ. इकून टाकू. आपल्याला नखऱ्याची गाय नको रे."

मी गायीला म्हटलं, "नखरे नाय गो तुझे. तुला एकच भाजी रोज वाढली तर तू तरी काय करणार?"

"बैल खातो का नाय?" सासऱ्यांनी बैलालाच विचारलं.

बैल खात होता. तो काहीही खायचा. एकदा त्याने सासूबाईंची चोळी खाल्ली होती.

बांगड्या भरायला आलेल्या कासाराबरोबर मी माहेरी निरोप धाडला. माहेरी एक पद्धत होती: आंदण दिलेल्या गायीला नव्या घरी परकं वाटू नये म्हणून पहिल्या हिवाळ्यात तिच्या माळाचं गवत पाठवायचं. त्याला गायीची शिदोरी म्हणत. वडिलांनी त्या वर्षी राखलेला पट्टाच बी अंगावर असताना कापला आणि गाडी भरून पाठवला. शेडा, मारवेल, पवन्या, रानमूग, सगळं एकात एक.

सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "कचरा धाडलाय," ते बैलाला म्हणाले. "भाताच्या वाफ्यावर राब म्हणून जाळायच्या लायकीचा."

पण गाय दावं ओढून गाडीकडे निघाली आणि उभ्या उभ्या खायला लागली. चार-पाच दिवसांत दूधही परतलं. सासूबाईंनी चहात ते दूध घातलं आणि जत्रेचं नाव काढलं नाही. सासऱ्यांनी काढलं. शिदोरी संपली की पुन्हा रडगाणं, तेव्हा जत्रेच्या आत गायीला पवन्याची सवय लागली तर ठीक, नाहीतर दावं सोडलंच समजा.

ही सवय लावायचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. रोज सकाळी ते गायीला कापलेल्या माळावर नेत, खुंटा ठोकत, आणि शिदोरीतली एक पेंढी झटकून खुंट्याभोवती पसरत. म्हणजे आवडीचं खाता खाता तिने पवन्याची कापून उरलेली खुंटं चुकून तोंडात घ्यावीत. दुसऱ्या दिवशी खुंटा पुढे सरके. गायीने सगळी काडी न् काडी वेचून खाल्ली, आणि पवन्याची काही खुंटंही चघळली. सासरे खूश झाले. जत्रा आली आणि गाय घरीच राहिली. मी त्या दिवशी गोठ्यात बसून चांगली रडून घेतली.

पुढच्या श्रावणात सासरे माळावर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी जाऊन बघितलं. त्यांच्या निखळ पवन्यात, जिथे जिथे खुंटा ठोकला होता तिथे, शेडा, मारवेल आणि रानमुगाचं एकेक गोल रिंगण उगवलं होतं. रांगेने, खालून वरपर्यंत. खुंटा ठोकणारा कोण, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

ते खुरपं घेऊन पहिल्या रिंगणात बसले. गाय जवळ नव्हती, तेव्हा मी समोरच्या पळसाला म्हटलं, "भादव्यापर्यंत राहू द्या. मग उपटा."

का कोण जाणे, त्यांनी खुरपं कमरेला खोचलं. मला वाटतं, इतकी रिंगणं उपटायची म्हणून कंबरेनेच नकार दिला असेल.

त्या साली गणपती गेले आणि पाऊसही गेला. उतारावरचा पवन्या गुडघ्याएवढा असतानाच पिवळा पडला. रिंगणं हिरवी राहिली. एके सकाळी बैलाने दावं तोडलं, अख्खा माळ ओलांडला आणि मधल्या रिंगणात जाऊन उभा राहिला. सासरे ओढत होते आणि तो हलत नव्हता. "तू पण रे?" एवढंच ते म्हणाले. मी पदर तोंडात कोंबून घरात पळाले.

त्या कापणीला त्यांनी रिंगणं उभी ठेवली. विचारलं तर म्हणायचे, विळ्याची धार गेलीय. धार पुढे दर वर्षी तिथेच जायची.

लढाईच्या ऐन दिवसांत नणंदेचं लग्न झालं. किन्हवलीला दिली. तिला आंदण दिली ती माझ्याच गायीची कालवड. थंडी पडली तसे सासरे माळावरून गोठ्यात आले आणि बाहेर रिकामी गाडी आणून उभी केली. मी शेण काढत होते. मला वाटलं, आता बैलाला काहीतरी ऐकवणार. पण ते बैलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "कालवडीची शिदोरी बांध गो. कुठलं कुठलं घालायचं ते तुला ठावं हाय. लोकाच्या घरी उपाशी ऱ्हायला नको ती."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली होती. त्यांच्याकडे बघून बोलायची मला सवयच नव्हती. मी बैलाकडे तोंड केलं आणि म्हटलं, "बांधते."