लालासाबचा पी.पी. नंबर

राजारामपुरीच्या त्या मागच्या गल्लीत घरोघरी फोन यायला दोन हजार साल उजाडलं. त्याआधी आठ वर्षं अख्ख्या गल्लीला एकच फोन होता, तो लालासाब नदाफचा. लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय वाळला होता, म्हणून अपंगांच्या कोट्यातून त्याला एसटीडी बूथ मिळाला. देवानं पाय घेतला आणि सरकारनं फोन दिला, असं तो स्वतःच हसत सांगायचा. गल्लीतल्या लोकांनी नोकरीच्या अर्जावर, दुकानाच्या पावतीवर, लग्नाच्या पत्रिकेवर त्याचाच नंबर छापला आणि पुढं ‘पी.पी.’ लिहिलं. म्हणजे फोन शेजारचा आहे, पण निरोप पोचेल.

आणि निरोप पोचायचा. कुबडी घेऊन दर फोनला कुणाच्या दारात जाणं लालासाबला झेपणारं नव्हतं. त्यानं टपरीच्या दाराला शाळेतली पाटी टांगली होती. फोन आला की खडूनं पाटीवर नाव आणि निरोप लिहायचा. जाणारा-येणारा वाचायचा आणि ज्याचा त्याला सांगायचा. त्याचा नियम एकच होता. निरोपात पदरचा शब्द घालायचा नाही आणि त्यातला एकही गाळायचा नाही. आकाराम शिंप्याची आई मलकापूरला वारली, तेव्हा दुसऱ्या कुणीही ‘आई सीरियस, निघून या’ असं लिहिलं असतं. तशी रीतच आहे. लालासाबनं लिहिलं, ‘आकाराम, आई गेली.’ आकारामनं ते चारचौघांत वाचलं आणि पुढं वर्षभर लालासाबशी बोलला नाही. नंतर एक दिवस येऊन म्हणाला, “तुझ्या पाटीवर आलं म्हंजे खरंच असतंय, एवढं कळलं.” त्या एका वाक्यावर लालासाब पुढची दहा वर्षं जगला.

पाटीच्या जोडीला एक वही होती. कुणाचं घर कुठलं, कोण कुठं नोकरीला, कुणाची पोरगी कुठल्या गावी दिली, कोण कधी वारलं, पुढं कुणाचा मोबाइल नंबर काय, सगळं त्यात होतं. गल्लीत दोन बाळासो, तीन कृष्णात; आडनावानं ओळखायचं तर आडनावंही तीच. म्हणून लालासाबनं प्रत्येकाला आपल्या मनानं नाव दिलं होतं आणि वहीत तेच लिहिलं होतं. बाळाप्पा कोऱ्यांचं नाव होतं ‘बाळाप्पा पुणेकर’.

हे बाळाप्पा हार्डवेअरच्या दुकानात कारकून होते. शहाण्णव साली मालकाशी वाजलं तसे तावातावानं पुण्याला गेले, आता तिकडंच बस्तान बसवतो म्हणाले आणि सात महिन्यांनी वळकटी घेऊन परत आले. पुण्यात काय केलं, का आले, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. लालासाबनं मात्र त्यांना सोडलं नाही. “काय पुणेकर, आज चहा कुणाकडं?” असं रोज विचारायचा आणि बाळाप्पाही हसून बसायचे. दोन हजार पाचच्या दसऱ्यानंतर छातीत कळ येऊन ते गेले. लिंगायतांच्या रुद्रभूमीत त्यांना पुरलं तेव्हा कुबडी बाजूला टाकून लालासाबनंही मूठभर माती घातली.

मागं राहिल्या शांतव्वा आणि मुलगी विद्याश्री. शांतव्वा संकेश्वरकडच्या. कानडी शाळेत शिकलेल्या, मराठी बोलायच्या फडाफडा, पण वाचायला मात्र येत नव्हतं. पाटी वाचायला त्यांना कायम दुसरा लागायचा. लालासाब त्यांना अक्का म्हणायचा.

दोन हजार सात साल आलं तेव्हा पोराटोरांच्या खिशात मोबाइल खुळखुळत होते. बूथवर दिवस दिवस कुणी फिरकायचं नाही. पाटी कोरी असायची, तरी लालासाब रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायचा. अशा दिवसांत गळ्यात टाय घातलेली दोन माणसं आली. म्हणाली, जुन्या पी.पी. नंबरांची डिरेक्टरी काढतोय. चाचा, तुमच्याएवढी माहिती पुऱ्या राजारामपुरीत कुणाकडं नाही. स्तुतीला कुणीही भुलतो, आणि ज्याचा धंदा बसलाय तो तर भुलायला टेकलेलाच असतो. लालासाबनं वही काढली, पान पान उलगडून दाखवली आणि वर चहा मागवला. ते वही झेरॉक्सला घेऊन गेले, अर्ध्या तासात परत आणून दिली. चहाचे पैसेही त्यांनीच दिले. किती सज्जन माणसं, असं लालासाब रात्री बायकोला, जरीनाला म्हणाला.

महिन्याभरानं फोन वाजला. आवाज मोठा आणि साहेबी होता.

“हेड ऑफिस, वसुली विभाग. बाळाप्पा पुणेकर इथंच राहतात ना?”

“त्यास्नी जाऊन दोन वर्षं झाली की, सायेब.”

“मग बायकोला बोलवा. पुण्यात असताना कर्ज घेतलंय, व्याजासकट बेचाळीस हजार झालेत. आठ दिवसांत भरलं नाही तर पोलीस घेऊन घरी येतो. चार वाजता परत फोन करतो, वसुलीचा फोन आहे एवढंच तिला सांगा.”

पुणेकर हे नाव ऐकून लालासाबला काही वेगळं वाटलंच नाही. अकरा वर्षं तोच त्यांना त्या नावानं हाक मारत आला होता. आपण ठेवलेलं नाव हेड ऑफिसला कसं कळलं, एवढा साधा प्रश्न त्याला पडला नाही. नियमाप्रमाणं त्यानं पाटीवर लिहिलं, ‘शांतव्वा कोरे. वसुलीचा फोन. परत येणार चार वाजता.’

चार वाजेपर्यंत ते गल्लीनं वाचलं. नळावर शांतव्वा आल्या की बायकांचं बोलणं तुटायला लागलं.

शांतव्वा फोनवर फार वेळ बोलल्या नाहीत. ‘पुण्यात असताना’ एवढं ऐकलं आणि त्यांचं तोंड उतरलं. सात महिने नवऱ्यानं तिकडं काय केलं, हा काटा त्यांच्या मनात अकरा वर्षं सलत होता. त्या काट्यावरच फोनवाल्यानं बोट ठेवलं. विद्याश्रीचं लग्न गारगोटीच्या मुलाशी ठरलं होतं, अवघ्या तीन महिन्यांवर आलं होतं. शांतव्वा गयावया करत म्हणाल्या, पोरीच्या सासरी कळू देऊ नका, पाया पडते. गारगोटीचं नावही त्यांनीच घेतलं. चोराच्या हातात किल्ली देतात ती अशी.

“लालासाब, विदूला यातलं काय कळू द्यायचं न्हाई,” त्या बूथमधून बाहेर येऊन म्हणाल्या.

“अक्का, एकदा कुणाला तरी इचारूया की. वकिलाला.”

“कशाला? तुझ्या पाटीवर आलंय न्हवं.”

लालासाबनं वकिलाचं बोलणं तिथंच सोडलं. खरं सांगायचं तर त्याला त्यात थोडा अभिमानही वाटला, आणि त्याची लाज त्याला पुढं जन्मभर पुरली.

हात जोडून, रडून छत्तीस हजारांवर मिटलं. शांतव्वांनी गुजरीत सराफाकडं जाऊन हातातल्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या. त्या विद्याश्रीच्या अंगावर घालायच्या म्हणून सांभाळलेल्या होत्या. घरी सांगितलं, पॉलिशला दिल्यात. तीन वेळा त्या पैसे घेऊन एसटी स्टँडवर गेल्या. तिथं एक माणूस यायचा, पैसे मोजायचा, पावती फाडून द्यायचा. पावत्या त्यांनी देव्हाऱ्यात ठेवल्या. आणि बाळाप्पांच्या फोटोला रोज विभूती लावून फूल वाहायच्या, ते बंद केलं. माणूस मेल्यावरही फसवून गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं.

शेवटचा हप्ता देऊन आल्या त्या दुपारी तिन्ही पावत्या त्यांनी लालासाबपुढं ठेवल्या.

“वाच बाबा. समदं फिटलं का बघ.”

लालासाबनं चष्मा लावला. पावतीवर ऑफिसचा पत्ता नव्हता, फोन नंबर नव्हता, शिक्का नुसता गोल आणि पुसट. आणि नाव लिहिलं होतं, ‘शांतव्वा बाळाप्पा पुणेकर’.

कानांनी जे ओळखलं नव्हतं ते डोळ्यांनी ओळखलं. बाळाप्पांनी आयुष्यात कुठल्या कागदावर पुणेकर म्हणून सही केली होती? रेशनकार्डावर कोरे, मतदार यादीत कोरे, मृत्यूच्या दाखल्यावर कोरे. पुणेकर हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, त्याच्या वहीत. कर्ज पुण्याचं होतं ते त्या नावावरूनच रचलेलं होतं. टाय घातलेली ती दोन माणसं, झेरॉक्स आणि चहा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

“फिटलं न्हवं?” शांतव्वांनी विचारलं.

“फिटलं, अक्का,” लालासाब म्हणाला.

पंधरा वर्षांत त्यानं जाणूनबुजून पोचवलेला तो पहिला खोटा निरोप. का खोटं बोलला? भ्याला, दुसरं काय. आपल्या नावाला जपला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत दुसऱ्या बाईच्या पाटल्या होत्या, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं. पुढचे आठ दिवस तो घरी नीट जेवला नाही.

नवव्या दिवशी फोन पुन्हा वाजला. तोच साहेबी आवाज. व्याजाचे बारा हजार राहिलेत म्हणाला.

“देतो की,” लालासाब म्हणाला. “पण पावणं, आधी सांगा, कर्जाच्या कागदावर नाव काय हाय?”

“बाळाप्पा पुणेकर.”

“वडलांचं नाव?”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज झाला. वडलांचं नाव वहीत नव्हतं.

“कर्ज कुठल्या शाखेतनं दिलं? कुठल्या तारखेला? समदं लिहून टपालानं धाडा, सही-शिक्क्यासकट. आमी कागद बघून तुमच्या हापिसात येऊन भरतो. स्टँडावर न्हाई.”

“जास्त शहाणपणा करू नको, लंगड्या,” आवाजातला साहेब एकदम उतरला. “गारगोटीला फोन लावू का? मुलाच्या बापाला सांगतो, सून कर्जबुडव्याची आहे.”

लालासाबनं फोन ठेवला. आता गप्प राहायलाही जागा उरली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो कुणाच्या दारात स्वतः निरोप घेऊन गेला. कुबडी टेकत, मधे दोनदा थांबत शांतव्वांच्या उंबऱ्याशी पोचला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वही, झेरॉक्स, पुणेकर आणि आठ दिवसांपूर्वीचं ‘फिटलं’सुद्धा.

शांतव्वा रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. भिंतीवरच्या फोटोकडं वळल्या.

“दोन म्हैने मी त्यांच्याकडं मान वर करून बघितलं न्हाई रे,” त्या म्हणाल्या. “पाटल्यांचं काय घिऊन बसलास. गेलेल्या माणसाला मी चोर ठरवलं.”

लालासाब जायला वळला तसं त्यांनी त्याला थांबवलं.

“गारगोटीला मी सवता कळवते, त्यांनी कळवायच्या आत. आनि तू पाटीवर लिव्ह. माझं लिवलंस तेवा समद्यांनी वाचलं. आता तुजं लिव्ह.”

संध्याकाळी पाटीवर अक्षरं उमटली. ‘वसुलीचे फोन खोटे आहेत. कोणी पैसे देऊ नयेत. शांतव्वा कोरे यांचं कसलंही देणं नव्हतं. त्यांना छत्तीस हजारांना फसवलं. माझी वही मी चोरांना दिली. - लालासाब नदाफ.’

गर्दी जमली. पहिल्यांदा आकाराम पुढं आला. त्याच्याही मोबाइलवर फोन येत होते, आईच्या नावानं, मलकापूरच्या कर्जाचे. लाजेपोटी कुणाला न सांगता त्यानं आठ हजार भरले होते. मग गल्लीतलीच धोंडुबाई पुढं आली, तिनं पाच भरले होते. सगळे एकाच गल्लीत राहत होते, एकाच नळावर पाणी भरत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं, ही अब्रूची गोष्ट आपल्याच घरची आहे. आकारामनं पाटी दोनदा वाचली. “तुझ्या पाटीवर आलं म्हंजे खरंच असतंय,” एवढंच म्हणून तो निघून गेला. सगळे मिळून पोलिसांत गेले, तेव्हा फौजदारानं पहिला प्रश्न विचारला, वही कुणी दिली. पैसे कुणाचेच परत आले नाहीत.

पाटी लिहिली त्या संध्याकाळी विद्याश्री एका क्लासच्या ऑफिसातली नोकरी आटोपून घरी परतत होती. गर्दी बघून थांबली. शांतव्वा तिथंच उभ्या होत्या. “वाच गं, काय लिवलंय बराबर हाय का बघ,” म्हणाल्या. विद्याश्रीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. छत्तीस हजारांपाशी आली आणि थांबली. आईच्या मोकळ्या मनगटांकडं तिनं बघितलं, पुढचं मनातच वाचलं.

“अव्वा, पॉलिशला दिल्यात म्हणालीस,” ती म्हणाली. शांतव्वांनी पदरानं हात झाकले.

गारगोटीचे लोक भले निघाले, लग्न मोडलं नाही. पण लग्नाआधीचा एक दिवस लालासाब विसरला नाही. विद्याश्रीच्या पत्रिका छापून आल्या होत्या. आता घरात मोबाइल होता, तरी हे सगळं कळायच्या आधी छापायला देताना तिनं हट्टानं खाली लालासाबचा नंबर टाकायला लावला होता, पुढं पी.पी. लिहून. लहानपणापासून गल्लीतल्या प्रत्येक पत्रिकेवर तिनं तो बघितला होता. त्याशिवाय पत्रिका पुरी वाटत नाही, असं म्हणाली होती.

तीनशे पत्रिकांचा गठ्ठा घेऊन ती टपरीपुढच्या पायरीवर येऊन बसली. हातात निळं बॉलपेन होतं.

“चाचा, राग मानू नका,” ती म्हणाली. “गावोगावी जाणार ह्या. उद्या कुणी ह्यावर फोन लावून काय सांगितलं, तर लोकांनी खरं मानायचं का खोटं?”

ती एकेक पत्रिका उघडायची, खालच्या ओळीवर दोनदा रेघ ओढायची, बाजूला ठेवायची. दुपार टळेपर्यंत तिचं चाललं होतं. आत काचेमागं बसून लालासाब पेनाचा आवाज ऐकत राहिला. मधे एकदा त्यानं तिच्यासाठी चहा मागवला, तो तिनं घेतला.

उठताना तिनं वरची एक पत्रिका उचलली, त्यावर ‘लालासाब नदाफ, सहकुटुंब’ असं लिहिलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. त्यानं उघडून बघितली. त्याच्या पत्रिकेतलाही नंबर खोडलेला होता.