लिदीच्या उबेवर जगलेले वेल

पौषातल्या एका दुपारी, मधल्या सुट्टीत, आमच्या शेजारचा माणूस शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी परभणीला शिक्षक आहे. हिंगोलीहून तो एवढ्या लांब आला म्हणजे काय असणार, ते मला त्याच्या चेहऱ्यावरच कळले. "गुरुजी, अक्का गेल्या..." एवढेच तो बोलला. चार दिवस ताप होता. मला कळवायला तिनेच मना केले होते, पोरांच्या परीक्षा असतील म्हणून. आज सहा आठवडे झाले.

अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती हिंगोलीजवळच्या आमच्या घरी परत आली. वडिलांचा विड्याच्या पानांचा मळा होता. पानमळ्यात बाईमाणसाने पाऊल टाकले तर वेल जळतो, अशी आमच्याकडची समजूत. अक्का रोज भाकरी घेऊन कुडाच्या दारापर्यंत जाई, हाक मारी आणि मागे फिरे. छाटणीनंतर दाराबाहेर फेकलेले वेलाचे तुकडे मात्र ती ओच्यात घालून आणू लागली. पानवेल उबेचा, आणि आमच्या भागातली थंडी कोरडी, बोचरी. पहिल्या वर्षी तिचे सगळे तुकडे मेले. मग तिने छावणीतल्या पडक्या बंगल्याची काचेची तावदाने मिळवली आणि परसात उकिरड्याला लागून माणूस वाकून आत जाईल एवढी खोली उभी केली. आत कमरेएवढा खड्डा. स्टेशनवरच्या टांग्यांच्या घोड्यांची ताजी लीद त्यात पाचोळ्यासकट तुडवून भरायची, वर वीतभर माती, मातीत वेल. लीद कुजताना तापते आणि ती ऊब मातीला लागते. लोखंडी सळई खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने काढून मनगटाला लावायची, आणि ती नुसती कोमट लागली की नवी लीद घालायची. हे तिला कोणी शिकवले नव्हते. हिवाळ्यात कुत्री उकिरड्यावर काहून निजतात, एवढाच तिने विचार केला होता.

धाकटे काका येता-जाता म्हणत, "अक्कानं उकिरड्यावर बंगला बांधला!"

"या की मग काका बसायला," अक्का आतून म्हणे, "काकडून राहिले तुमी उगंच."

बाबा मात्र त्या खोलीकडे कधी फिरकले नाहीत.

मी हैदराबादला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात चौथीपुढे कोणी गेले नव्हते. एका हिवाळ्याच्या अखेरीस बाबांचे पत्र आले. थंडीने मळा जळाला, आजूबाजूच्या गावांतही लावायला वेलाचे तुकडे, बेणे उरले नाही. कॉलेज सोडून ये, आता आपल्या दोघांच्या हातांशिवाय घर चालायचे नाही. मी ट्रंक बांधली. घरी पोचलो तर मळ्यात काळे पडलेले वेल खांबांना लोंबत होते, आणि परसात काचेला आतून हिरवी पाने टेकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात आले. "बेणं दे," ते म्हणाले.

"देते. पण लावीन मी."

"रीत ठावं हाय ना तुला? वेल जळंल."

"बाबा, आता जळायचं काय राह्यलंय?"

काका मध्ये पडायला लागले, तसा बाबांनी हात वर करून त्यांना थांबवले. मी खाली बघत होतो. माझे कॉलेज त्या एका हो-नाहीवर टांगलेले होते, हे अक्काला ठाऊक होते आणि तिने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही... मग बाबा पुढे चालू लागले. मळ्याचे दार त्यांनी स्वतः बाजूला ओढले आणि टोपली डोक्यावर घेतलेली अक्का आत गेली. चार दिवसांत तिने सगळे वाफे लावले. वेलांनी मुळे धरली. ट्रंक घेऊन मी परत हैदराबादला गेलो.

पदवी घेऊन आलो तेव्हा तिने मला विचारले, "आता सांग, लीद काहून तापते?" डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव लिदीत वाढतात, असे मी पुस्तकातले सांगितले. ती गंभीरपणे ऐकत राहिली. "म्हंजे जित्ती असते म्हन ती," ती म्हणाली. माझ्या एवढ्या शिक्षणाला तिने विचारलेला तो एकच प्रश्न.

तेराव्यानंतर परभणीला निघताना मी परसात गेलो. काचेच्या खोलीत बाबा होते. या वयात, गुडघे मोडून, कोपरांपर्यंत हात घालून ते लीद पसरत होते. पानमळ्यात पायताण घालून कोणी जात नाही. तिथे देव राहतो असे आमच्याकडे मानतात. अक्काच्या खोलीत मात्र आम्ही सगळे पायताणासकट शिरत असू, अखेर उकिरडाच तो. मी मदतीला म्हणून वाकून आत पाऊल टाकले.

बाबांनी मान वर केली नाही. "चपला भाईर काढ," ते म्हणाले.