नीळ घातलेलं छत

अमरावतीत आमच्या गल्लीतला रंगारी आधी भिंतीवर बोटानं टकटक करतो, कान लावतो आणि मगच बोलतो. महागाचा रंग सांगितला की तोंड वाकडं करतो. "काहून ताई? चुनाच मारू ना!" दर दिवाळीला आमचं यावरून वाजतं आणि मीच हरते.

यंदा बाबांची खोली उजळायची होती. अर्धांगवायू झाल्यापासून ते पलंगावरच असतात. भिंतींना पिवळा रंग द्यायचं मी पक्कं केलं होतं. यानं मात्र सरळ बाबांनाच विचारलं, "काकाजी, इथं जराक पडू का?" बाबांनी मान हलवली, तसा तो चुन्यानं माखलेल्या कपड्यांनिशी त्यांच्या शेजारी आडवा झाला. चादर कालच धुतलेली. मी ओरडणारच होते, पण दोघंही वर बघत होते. ओल येऊन छतभर काळे डाग पडले होते, आणि ते मी कधी पाहिलेच नव्हते.

"भिंती तुमी पाहता, ताई. काकाजी तं दिवसभर हेच पाहून राहिले."

भिंती तशाच राहिल्या. चुन्यात नीळ कालवून त्यानं फक्त छत रंगवलं. संध्याकाळी मी चादर बदलायला गेले, तर बाबांनी चांगल्या हातानं शेजारची जागा थोपटली.