दुसऱ्या दिवसाचं रक्त

चहा घ्या हातात, मग सांगते. आन् आधीच बजावते, हसायचं तर पोटभर हसा, पण मधीच कुणी "अगं बाई गं" करून पदर डोळ्याला लावायचा न्हाई. माणूस दुसऱ्याकडनं फसतं, त्यात काय नवल? मी माझी मीच फसले! आन् तेबी कशी? खरं काय ते डॉक्टरच्या फायलीत माझ्याच तोंडानं लिहून ठेवून!

लग्नाला सात वर्षं झाली होती. मांडवगण फराट्याच्या अलीकडं आमची वस्ती. आमचे हे कुरकुंभला कंपनीत, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा तिसरी. घरात सासू, त्यांना मी आत्या म्हणायची, आन् सासरे, ते मामा. कांदा होता, ऊस होता, दोन म्हशी दुधाच्या होत्या. लेकरू तेवढं न्हवतं.

वस्तीवर कुणाला बी बाळ झालं की टोपडं विणायचं काम माझ्याकडं. मी हौसेनं विणायची. विणून झालं की आधी आपल्या मुठीवर चढवून बघायची, नीट बसतंय का. एकदा आत्यांनी बघितलं मला, मुठीला टोपडं घालून बसलेली. तशाच आत गेल्या. आता तुम्हीच सांगा, मुठीला टोपडं घालणारी बाई पुढं काय दिवे लावणार, ते तवाच कळायला पाहिजे होतं का न्हाई?

तर दौंडला बायकांच्या एक डॉक्टर होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. आम्ही दोघं गेलो. यांची तपासणी ठीक निघाली. मग मॅडम मला म्हणाल्या, "तुमचं हॉर्मोनचं रक्त तपासू. पाळीच्या दुसऱ्या दिवशी यायचं, फार तर तिसऱ्या. सकाळी, उपाशीपोटी. नमुना पुण्याला जातो, आठ दिवसांनी रिपोर्ट येतो."

मी मान डोलावली. बाहेर पायरीवर आल्यावर डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी मी दौंडला येणार कशी?

आमच्याकडं तवा लई कडक असायचं. पाळी आली की बाईनं चार दिवस पडवीत बसायचं. सैपाकघरात पाय न्हाई, देवाला हात न्हाई, पाण्याच्या हंड्याला शिवायचं न्हाई, आन् वस्ती सोडून तर जायचंच न्हाई. पाचव्या दिवशी डोक्यावरनं पाणी घेतलं की मोकळी. आन् पडवी कुठं, तर रस्त्याच्या कडेला! कोण कवा बसलं, कुणाचे किती दिवस वर गेले, सगळ्या आळीला पाठ. घरातल्या कॅलेंडरवर नुसती दुधाची खूण, बायांची तारीख बघायची तर पडवीकडं बघायचं.

पहिल्या महिन्यात मी सरळ मार्गानं गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाळी आली. पडवीत बसल्या बसल्या म्हणलं, "आत्या, उद्या दौंडला जायचंय. रक्त द्यायचंय तपासायला."

"आसल्या टायमाला?" आत्या उडाल्याच. "आन् कसलं रक्त गं? ह्ये?"

"न्हाई वो आत्या! हातातलं!"

"मग हातातलं कुठं पळून चाललंय? पाचव्या दिशी न्हा, देवाला हात जोड, आन् मग जा कुठं जायचं ते."

पाचव्या दिवशी न्हाले, हात जोडले आन् गेले. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, पाचव्या दिवशीचे आकडे आपल्याला उपयोगाचे नाहीत. आता पुढच्या महिन्यात या." गेला की महिना! सात वर्षं घालवलेली बाई मी, पण तो एक महिना वाया गेला म्हणल्यावर मला दवाखान्याच्या दारातच रडू फुटलं.

तिथंच ठरवलं. पुढच्या वेळी कुणाला सांगायचंच न्हाई.

पाळी आली. मी गपचूप. पडवीत बसलेच न्हाई. भाकऱ्या थापल्या, पाणी भरलं, ताक केलं. एकेका भांड्याला हात लावताना वाटायचं, आता वरनं काहीतरी पडतंय डोक्यात. देवाला दिवा लावायची मात्र छाती झाली न्हाई. बोटाला चिंधी गुंडाळली आन् म्हणलं, "मामा, बोट भाजलंय, तेवढा दिवा लावता का?"

"बोट भाजलंय, मग भाकऱ्या कशा थापल्यास?"

"दुसऱ्या हातानं," मी म्हणलं.

मामांनी दिवा लावला. पण एका हातानं भाकरी कशी थापत्यात, ते काय त्यांच्या डोक्यातनं जाईना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीनं दौंड गाठलं. आत्यांना सांगितलं, ताकदीच्या गोळ्या आणायच्यात. हे तिसरी पाळी सुटल्यावर थेट दवाखान्यात आले. मॅडमनी विचारलं, "आज कितवा दिवस?"

"दुसरा."

"नक्की? नेहमीसारखी आलीय?"

"नेहमीपेक्षा जास्तच, मॅडम. कंबर धरलीय नुसती."

त्यांनी ते फायलीत लिहून घेतलं आन् सिस्टरनं रक्त काढलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एक मोठा गड जिंकल्यासारखं.

पण उपाशी पोट, कंबर धरलेली, त्यात स्वतःचं रक्त बाटलीत बघितलेलं. हे तिकडं चहा सांगायला गेले, आन् मी स्टँडच्या भिंतीमागं भडाभडा ओकले. नुसतं पित्त. तोंड पुसून वर बघते तर समोर पारूमामी! आमच्या आळीतली, आत्यांची जिवाची मैत्रीण. हातात बाजाराची पिशवी आन् डोळ्यांत चमक.

"सुमन, उलटी व्हय गं?"

"पित्त झालंय मामी."

"आसंल, आसंल. आलीस कुणाकडनं?"

मी बोट दाखवलं. समोरच दवाखाना, पाटीवर हे एवढं गुटगुटीत बाळ काढलेलं. पारूमामी म्हणाली, "व्हय व्हय, पित्तच हाय," आन् माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मला वाटलं, किती माया करती बाई.

दुसऱ्या दिवसापासनं घरातलं वारंच फिरलं. मी हंडा उचलायला गेले तर आत्यांनी हातातनं काढून घेतला. धार काढायला बसले तर म्हशीखालनं उठवलं. भाकरीवर तुपाचा गोळा! मला वाटलं, ताकदीच्या गोळ्यांचं नाव काढलं म्हणून कीव आली असंल. आत्या माझ्याकडं बघून हसायच्या आन् बोलायच्या काहीच न्हाईत. आमच्यात तिसरा महिना लागल्याशिवाय तसला शब्द तोंडातनं काढत न्हाईत, दृष्ट लागती म्हणून. त्यामुळं त्या बोलेनात आन् मला कळेना.

पंधरा दिवसांनी पारूमामीनं पदराखालनं चिंचेचा गोळा काढून माझ्या हातात कोंबला. "खा गुमान. तुझी सासू परवा माझ्यापाशी नाचायची तेवढी ऱ्हायली! म्हणली, ह्या म्हैन्यात सुमन पडवीत बसलीच न्हाई."

अगं आई गं! पडवीत बसले न्हाई, दवाखान्यात गेले, स्टँडवर ओकले. आळीनं सगळं जोडून माझ्या पोटात लेकरू घातलं बी!

आता सांगायचं तरी काय? "आत्या, मी बाहेरची असताना तुम्हाला भाकरी खाऊ घातली"? रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. आन् रोज आत्या समोर येऊन विचारायच्या, "आज काय खावंसं वाटतंय गं तुला?" सात वर्षांत मला हे कुणी विचारलं न्हवतं हो! बारशाला गेले की पाळण्याच्या दोरीला हात लावायच्या आधी मी चार जणींच्या तोंडाकडं बघायची. आता त्याच बाया आपली लेकरं आपणहून माझ्या मांडीवर टाकून जायला लागल्या. त्या लेकरांच्या टाळूचा वास घेत मी बसायची. मला ते सोडवेना. म्हणलं, अजून एक दिवस, उद्या सांगू.

यांना तर सगळं ठाऊक. हे म्हणाले, "आईला सांगून टाक एकदाचं."

तेवढ्यात पारूमामी एक पुडी सोडून गेली. "माझ्या थोरल्याच्या टायमाला दिवस ऱ्हायल्यावर बी मला पहिल्या म्हैन्यात थोडं रक्त दिसलं व्हतं. आसतं कुणाकुणाला."

झालं! मी म्हणलं, माझंबी तसंच असंल की! थोडंसं दिसलं असंल. थोडंसं बरं का! कंबर धरली होती ते साफ विसरले. यांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी कामावरनं आल्यावर यांनी खिशातनं खुळखुळा काढला. दोघं बी तसलेच.

मग काय विचारता! मला फोडणीचा वास सोसंना, दुपारी डोळा लागायला लागला, चिंच तर पाव किलो फस्त. पुढची तारीख आली आन् गेली. वर बारा दिवस झाले, काही न्हाई. आता तर माझी खात्रीच पटली. रिपोर्ट केव्हाचा दवाखान्यात येऊन पडला होता, पण मी आणायला गेलेच न्हाई. आता त्याची काय गरज, असं वाटायचं मला.

एक दिवस आत्या म्हणाल्या, "चल, दवाखान्यात नाव घालून येऊ." पिशवीत नारळ, पेढ्यांचा पुडा. मीबी ठेवणीतलं लुगडं नेसून तयार!

मॅडमनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

माझ्या आधी आत्या बोलल्या, "पोळ्याच्या आदल्या दिशी बसली व्हती. त्याच्यानंतर न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आन् मी काय केलं? मान डोलावली! खोटं म्हणून न्हाई हो, त्या घडीला मला ते खरंच वाटत होतं.

मॅडमनी फाईल उघडली. एक पान उलटलं. परत मागं घेतलं.

"मग हे मधल्या महिन्यात दुसऱ्या दिवसाचं रक्त आम्ही कुणाचं काढलं?"

आत्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, ते... कुणाकुणाला थोडंसं दिसतं ना..." मी म्हणलं.

"मी इथं लिहिलंय ना. नेहमीपेक्षा जास्त. कंबर धरलीय."

तरी मॅडम भल्या. म्हणाल्या, लघवी तपासू. छोटी पट्टी, तिच्यावर एक रेघ आली तर न्हाई, दोन आल्या तर हाय. एक आली. आत्या पट्टीवर वाकून बसल्या. "दुसरीला येळ लागत आसंल," म्हणाल्या. मीबी बघत बसले. मॅडमनी तीन पेशंट तपासून पाठवले तरी आम्ही दोघी हललो न्हाई. शेवटी मीच ती पट्टी हळूच उपडी ठेवली.

मग मॅडमनी रिपोर्ट काढला. "बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईच्या रक्तात एक हॉर्मोन वाढतं. त्यामुळं तिची पाळी लांबते, दिवसही राहत नाहीत. तुमच्या रक्तात बाळ नसतानाच ते वाढलंय. शरीराची समजूत झालीय की तुम्ही बाळाला पाजताय. म्हणून ही पाळी लांबली. घाबरू नका, यावर गोळ्या आहेत."

गोळ्या घेतल्या. स्टँडवर येऊन बाकावर बसलो. आत्यांच्या मांडीवर पिशवी, तोंड सरळ समोर. यष्टी आली, गेली. मग म्हणाल्या, "म्हंजी त्या दिशी तू भाकऱ्या थापल्यास."

"व्हय."

"ताक केलंस."

"व्हय."

"दिवा?"

"मामांनी लावला."

"तरीच! दीड म्हैना झाला त्यो माणूस मला इचारतोय, एका हातानं भाकरी कशी थापत्यात!" आन् त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतनं पाणी आलं. मला म्हणाल्या, "पैल्यांदा न्हाई म्हणले मी, चुकलं माझं. दुसऱ्यांदा भांडून सांगायचं व्हतंस की गं. त्याच दिशी हाताला धरून आणली आसती तुला."

मला तर हुंदकाच आवरंना. मला लेकरू पाहिजे होतं हो, दुसरं काय! आत्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं आन् म्हणाल्या, "पर एक सांग. मला कुणी सांगितलं न्हाई म्हणून मी फसले. पारीला कुणी सांगितलं न्हाई म्हणून ती फसली. तुला तर समदं ठावं व्हतं. तू कशानं फसलीस?"

मी म्हणलं, "आत्या, मॅडम काय म्हणाल्या ऐकलंत न्हवं? माझ्या अंगालाच वाटतंय, लेकरू पदराखाली हाय म्हणून. समदं अंग फसलं, तिथं एकट्या डोक्याचं काय चालतंय?"

"आन् आधी कवा चालत व्हतं गं त्ये?" आत्या म्हणाल्या, आन् त्यांनी पेढ्यांचा पुडा फोडला.